बाईची बीपीची गोळी

आमच्या घरात बीपी कुणालाच नव्हतं, तरी बीपीची गोळी मात्र रोज जेवण झालं की न चुकता घेतली जायची. ती घ्यायच्या माझ्या मोठ्या जाऊबाई. मी त्यांना नुसतं बाई म्हणते. ती गोळी लिथियमची होती, डोक्याच्या आजारावरची, आणि हे आम्हा घरातल्या मोठ्या माणसांना आणि बुलढाण्याच्या डॉक्टरांना सोडून कुणालाही माहीत नव्हतं. हे सगळं लिहू का म्हणून बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लिही. पण माह्यं नाव टाकू नको, अन् मले लय गरीब गाय करू नको." ती भीती त्यांनी बाळगायचं कारण नाही. बाई गरीब गाय कधीच नव्हत्या.

मी लोणारची. लग्न होऊन अमडापूरजवळच्या या गावात आले तेव्हा शेती म्हणजे सोयाबीन, तूर आणि हरभरा एवढंच मला ठाऊक होतं. इथे पाहते तर शेताच्या मधोमध हिरव्या जाळीचं भलंमोठं घर उभं. आत मिरचीची झाडं, आणि झाडांपुढे पाटावर बसलेल्या बाया. हे शेडनेट, आणि त्यात चालायचं बियाण्याचं काम. मादी झाडाची कळी उमलायच्या आत, दुपार कलली की चिमट्याने उघडायची. आतले पुंकेसर काढून टाकायचे, मधल्या नाजूक दांडीला धक्का लागू द्यायचा नाही, आणि खूण म्हणून देठाला लाल लोकरीचा धागा अडकवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दांडीच्या टोकाला नर फुलाची पूड लावायची. याला आमच्याकडे क्रॉसिंग म्हणतात. शाळेची पायरी न चढलेली म्हातारीसुद्धा क्रॉसिंगच म्हणते. कळी ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी. हात जरा हलला की दांडी मोडते आणि कळी गळून पडते.

बाईंच्या ओळीतली कळी गळत नसे. बियाणं कंपनीचा माणूस दुसऱ्या गावच्या बायांना मुद्दाम त्यांचा हात पाहायला घेऊन यायचा. बाई अशा वेळी मान वर करून पाहायच्यासुद्धा नाहीत, पण पदर मात्र नीट करून घ्यायच्या. मला हे काम त्यांनीच शिकवलं, आणि शिकवलं म्हणजे धारेवर धरून शिकवलं. "कळी सोलून राह्यली का लसूण?" म्हणायच्या. "तुमच्या तळ्याच्या खाऱ्या पाण्यानं बोटं जाड झाले काय वं तुहे?" मी चिडायची. मला राग चटकन येतो, आजही येतो. मग मी तोंड फुगवून बसले की त्या आपली अर्धी ओळ संपवून माझ्या ओळीला हात लावायच्या आणि काही न बोलता माझं उरलेलं काम करून टाकायच्या.

त्यांचं दुसरं बाळंतपण झालं आणि त्यानंतर त्यांची झोप उडाली. आधी आम्हाला बरंच वाटलं. बाळंतीण बाई पहाटे उठून अंगण सारवते, शेजारणीचे कपडे धुऊन देते, गाणी म्हणते. मग बोलणं थांबेना. ग्रामसभेत जाऊन त्यांनी पाण्याच्या टाकीवरून सरपंचाला जे काही सुनावलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, आणि आजही माझं मत आहे की त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पण मग त्या घरातल्या साड्या येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायला लागल्या. साऱ्या तालुक्याचं क्रॉसिंग मी एकटी करते म्हणायला लागल्या. एके सकाळी तान्ही पोर पाळण्यात रडत ठेवून अनवाणी चिखलीच्या रस्त्याला लागल्या आणि अडवायला गेलेल्या आपल्या नवऱ्याला त्यांनी दगड मारला. त्यानंतर कुणाला हसू आलं नाही.

आधी दर्ग्यावर नेलं. आमच्या भागात सगळेच नेतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तिथून फरक पडेना तेव्हा माझ्या नवऱ्याने कुठून तरी चौकशी केली आणि बाईंना बुलढाण्याला मानसिक आजाराच्या डॉक्टरांकडे नेलं. पहिल्या गोळ्यांनी बाई शांत झाल्या, पण ती शांतता बघवत नव्हती. जबडा आवळलेला, तोंडातून लाळ, चालणं लाकडासारखं. सासूबाई पोरीला मांडीवर घेऊन म्हणायच्या, "या गोळ्याइनं तं माही सून नेली." डॉक्टरांनी मग त्या गोळ्या कमी कमी केल्या आणि लिथियम सुरू केलं. काही आठवडे गेले. एका दुपारी मी स्वयंपाक करत होते, बाई चुलीजवळ येऊन उभ्या राहिल्या, पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "वांग्यात एवढं तेल काऊन ओतलं? बापानं घाणा लावून देल्ला काय?" मी पदर डोळ्याला लावून रडले. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवल्याचा मला तेवढा एकदाच आनंद झाला.

त्या गोळीने बाई परत आणल्या. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल की गोळीच वाईट. गोळी वाईट नव्हती.

बीपीचं कसं झालं ते सांगते. बुलढाण्याहून परत येताना चिखलीच्या स्टँडवर आमच्या गावची एक बाई भेटली. आम्ही तिघी होतो, सासूबाई, बाई आणि मी. तिने विचारलं, "काऊन वं, सगळ्या जणी दवाखान्यात?" सासूबाई डोळ्याची पापणी न हलवता म्हणाल्या, "मोठीले बीपी निघाली." ती बाई म्हणाली, "अशी का? मले बी हाय." आणि विषय संपला. बीपी हा आमच्याकडे घरोघरचा आजार आहे. त्याला कुणी नाक मुरडत नाही, उलट बीपी असलेल्या माणसाला घरात जरा मान मिळतो.

सासूबाईंनी हे प्रेमापोटी केलं. त्यांची एक चुलत बहीण होती. तरुणपणी तिला असाच काही त्रास झाला, पुढे ती पूर्ण बरी झाली, पण मरेपर्यंत लोक तिला "ते येडी" म्हणत राहिले. तिच्या हातचं पाणीसुद्धा पोरं हसत हसत प्यायची. सासूबाईंनी हे लहानपणापासून पाहिलेलं. घरी आल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "आपली पोरगी उद्या लग्नाची होईन. लोकं पत्रिका मंग पाह्यतात, आधी इचारतात घरात कोणी येडं हाय का. आजपासून ही बीपीची गोळी हाय. समजलं ना?" सगळ्यांनी हो म्हटलं. मला तर त्या वेळी सासूबाईंचं कौतुकच वाटलं.

गावाला एकदा आजार सांगितला की गाव त्याच्यावर उपायही सांगतं. बीपी म्हटलं की पहिला उपाय मीठ कमी. बाई पंगतीत बसल्या की वाढणारी मिठाची वाटी घेऊन त्यांच्या ताटावरून पुढे जायची. "बाईले लोणचं नोको वाढू वं, बीपी हाय तिले." पापड नको, ठेचा नको, चिवडा नको. बाईंना कैरीच्या लोणच्याचं वेड. चारचौघांत त्या साधूसारख्या बसायच्या आणि घरी आल्या की फळीवरची बरणी काढून भाकरीवर लोणचं घ्यायच्या. एकदा गावात आरोग्य शिबिर लागलं. नर्सने बाईंच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि म्हणाली, "वा, एकदम कंट्रोल. मीठ कमी ठेवलंय ना? असंच ठेवा." आम्ही दोघी मान डोलवत बाहेर आलो आणि घरी येऊन पोट धरून हसलो. ते हसणं आता आठवलं की मला कसंसं होतं.

कारण डॉक्टरांनी लिथियम सुरू केलं त्याच दिवशी सांगितलं होतं, पाणी भरपूर प्या आणि मीठ बंद करू नका. त्या दिवशी त्यांनी बरंच काही सांगितलं. वजन वाढेल, तहान लागेल, अधूनमधून रक्त तपासावं लागेल, उलट्या-जुलाब झाले तर लगेच या, दुसरी कुठली गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि ही गोळी मनाने बंद करू नका. समोर बाई जबडा आवळून बसलेल्या, सासूबाई रडत होत्या, भासरे म्हणजे बाईंचे यजमान भिंतीकडे बघत होते. त्या सगळ्या पाढ्यातलं शेवटचं वाक्य तेवढं आमच्या डोक्यात राहिलं. मीठ ही स्वयंपाकघरातली वस्तू, डॉक्टरांनी तिच्याबद्दल काही सांगितलं असेल असं आमच्या कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

चांगली वर्षं गेली. पोरं मोठी झाली. बाईंचं वजन वाढलं, पाण्याची मोठी बाटली त्यांच्या हातातून सुटेना, सारखं उठून जावं लागायचं. त्या यावरून स्वतःच चेष्टा करायच्या. मग हळूहळू हातात बारीक थरथर आली. चहाच्या कपात दिसायची. भासऱ्यांनी डॉक्टरांना विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, गोळीमुळे होतं, त्यांना घेऊन या, रक्त तपासू आणि डोस बघू. पण बाईंना बुलढाण्याला नेणं सोपं नव्हतं. बीपीच्या गोळीसाठी एवढ्या लांब कोण जातं? अमडापूरलाच मिळते की. स्टँडवर गावचं कुणी ना कुणी भेटणारच. म्हणून भासरे कोर्टाचं नाहीतर बँकेचं काम काढून एकटेच जायचे आणि गोळ्या घेऊन यायचे. "हंगाम झाला का नेतो" असं म्हणायचे, आणि मिरचीचा एक हंगाम संपला की दुसऱ्याची तयारी सुरू व्हायची.

चहाच्या कपातली थरथर एक वेळ चालते, चिमट्यातली चालत नाही. बाईंनी युक्त्या काढल्या. पालथ्या बादलीवर कोपर टेकवायचं, श्वास रोखायचा, डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट दाबून धरायचं. काम हळू होत गेलं. एके दिवशी त्यांच्या ओळीतून जाताना मला झाडांच्या बुंध्याशी लाल धागे पडलेले दिसले, वाळलेल्या कळ्यांसकट. मी वाकून बघतेय तेवढ्यात मागे बाई उभ्या. "पाहू नको वं," एवढंच म्हणाल्या. माझ्या या जावेला मी कुणापुढे ओशाळलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि ती माझ्यापुढे ओशाळली याचा मला फार त्रास झाला.

त्या एकदा जेवताना म्हणाल्या, "क्रॉसिंगपुरती गोळी सोडून पाहू का?" आम्ही सगळे एकदम नाही म्हणालो, आणि माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. चिखलीच्या रस्त्यावरची ती सकाळ कुणीच विसरलं नव्हतं. बाई ताट उचलून उठल्या. पण त्यांना हात हवे होते. पोरं मोठी झाली, घर सासूबाई आणि मी बघतच होतो. आपली म्हणावी अशी त्यांची एक ओळख होती आणि ती त्या बोटांत होती. गोळी सोडायची नाही तर मग दुसरं काहीतरी सोडू, असं त्यांनी मनाशी घेतलं असणार.

आषाढी एकादशीला आमच्याकडे बाया चातुर्मासाचा नेम धरतात. कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण, कुणी जमिनीवर निजतं. त्या वर्षी बाईंनी मीठ सोडलं. देवीपुढे दिवा लावून म्हणाल्या, "माह्ये हात थिर होऊ दे, कार्तिकीपर्यंत मीठ तोंडात घालणार नाही." गल्लीत तर कौतुकाला पार राहिला नाही. नेम तो नेम, आणि वर बीपीलाही चांगलं! दोन-चार बायांनी सासूबाईंना सांगितलं, सून असावी तर अशी. मी रोज बाईंसाठी वेगळं अळणी वरण, अळणी भाजी करत होते आणि करताना कुरकुरत होते. "बाई, हे ढोराले तरी जाईन का?" मी म्हणायची. त्या अळणी घास गिळून म्हणायच्या, "तुह्या हातचं मिठाचं तरी कोणतं लय गोड लागते?" लोणच्याची बरणी त्यांनी स्वतःच्या हाताने उचलून माळ्यावर ठेवली.

भाद्रपद आला. थरथर कमी व्हायच्या ऐवजी वाढली. बारीक होती ती आता ठळक झाली, भाकर थापताना दिसायला लागली. बाईंना मळमळायचं, त्या म्हणायच्या पित्त आहे. पुढे ऊन तापलं. जाळीच्या आत तर अंगातून धारा लागतात. बसून बसून कंबर दुखायला लागली म्हणून गावातल्या डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या. त्यांनी नेमाने विचारलं, "बीपीची गोळी चालू आहे ना? चालू ठेवा, आणि मीठ नको." त्यांचा काय दोष? त्यांना आम्ही जे सांगितलं होतं त्यावर त्यांनी बरोबरच सल्ला दिला.

मग बाई चालताना झोकांड्या द्यायला लागल्या. बोलणं जड झालं, शब्द तोंडात घोळायला लागले. एकदा शेजारणीला त्यांनी भलत्याच नावाने हाक मारली. आम्हाला वाटलं जुनं दुखणं उलटतंय. भासरे ओरडले, "गोळी चुकवून राह्यली का तू?" बाईंनी मान हलवून नाही म्हटलं. कुणाचा विश्वास बसला नाही. सासूबाई गोळी गिळल्यावर जीभ उचलून दाखवायला लावायच्या. मी पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभी राहायची. डोळ्यात तेल घालून आम्ही बाईंना गोळी देत होतो. आम्हाला एवढी एकच गोष्ट करता येत होती आणि ती आम्ही जीव ओतून केली.

नवरात्रात त्यांना जुलाब झाले. दोन दिवस काही पोटात ठरेना. तरी सकाळी फुलाला पूड लावायची वेळ म्हणून त्या शेडनेटमध्ये आल्या. मी शेजारच्या ओळीत होते. पाट घसरल्याचा आवाज आला, वळून पाहिलं तर बाई मिरचीच्या झाडांत आडव्या पडलेल्या. हात-पाय उडत होते, डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हत्या. गावातली जीप मागवली आणि थेट बुलढाणा गाठलं. वाटेत सासूबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन देवीला सगळं काही कबूल करत होत्या.

दवाखान्यात तरुण डॉक्टर धावत आला. "काही औषध चालू आहे का?" भासऱ्यांनी एकदा जीपवाल्याकडे पाहिलं, आपल्या गावचा माणूस, बाजूलाच उभा होता. आणि इतक्या वर्षांची सवय बोलून गेली. "बीपीची गोळी हाय," ते म्हणाले. डॉक्टरने बीपी मोजलं, पुन्हा विचारलं कोणती गोळी. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत सासूबाई उठल्या. "बीपी नाई साहेब, खोटं हाय थे! डोक्याची गोळी हाय, येडेपणाची! लिथम का काय म्हणतात थे! मीच खोटं सांगाले लावलं साऱ्याइले!" सगळा व्हरांडा आमच्याकडे वळून बघत होता. ज्या शब्दाला त्या जन्मभर भ्यायल्या तो त्यांनी जीपवाल्यादेखत मोठ्याने उच्चारला. मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी जेवढी माया वाटली तेवढी कधी वाटली नव्हती.

नेहमीचे डॉक्टर आले. रक्ताचा रिपोर्ट बघून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मीठ बंद केलं होतं का?" मी आषाढीपासूनचा नेम सांगितला. त्यांनी समजावून सांगितलं. अंगात मीठ कमी पडलं की मूत्रपिंड लिथियमलाच धरून ठेवतं, बाहेर टाकत नाही. घामाने, जुलाबाने पाणी जातं, त्याने आणखी साठतं. दुखण्याच्या गोळीने त्यात भर पडते. गोळी तीच, डोस तोच, पण अंगात तिचं विष झालं. वाढती थरथर, झोकांड्या, जड जीभ, सगळं त्याचंच होतं. आम्हाला जे आजार उलटल्यासारखं दिसत होतं ते औषध जास्त झाल्याचं लक्षण होतं, आणि आम्ही समोर उभं राहून ते वेळेवर पाजत होतो.

रक्त मशीनवर शुद्ध केलं. बाई शुद्धीवर आल्या. आम्हाला ओळखलं, पोरांना विचारलं, शेडनेटमध्ये पाणी कोण देऊन राह्यलं म्हणून विचारलं. जीव वाचला, डोकं शाबूत राहिलं. हात मात्र राहिले नाहीत. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं काही दिवसांत भरून येतं, काहींचं येत नाही, वाट पाहू. आम्ही वाट पाहिली. मालिश केली, हाताचे व्यायाम केले, मऊ चेंडू दाबायला दिला. बाईंचं भरून आलं नाही. आता त्या पेला दोन्ही हातांनी धरतात, आणि तरी थोडं सांडतं.

गोळी बदलली. नवीन गोळीने केस गळतात, अंग अजून सुटलं आहे. पण दुखणं आवरलेलं आहे. बाईंचा गोळीवर राग नाही. मी एकदा तणतणत होते तेव्हा त्या मला म्हणाल्या, "त्या गोळीनं मले माह्ये लेकरं मोठे करू देल्ले. तिले काऊन बोल लावतं?" मग कुणाला लावू? मी सगळ्यांवर चिडून झाले आहे. भासऱ्यांवर, गावावर, आषाढीवर, घाईत एका दमात सगळं सांगून टाकणाऱ्या त्या भेटीवर. सासूबाईंवर मात्र मला चिडता येत नाही. त्या आता फार बोलत नाहीत. बाईंना घास भरवावा लागतो तेव्हा ताट त्या कुणाच्या हातात देत नाहीत, स्वतः भरवतात, आणि प्रत्येक भाजीचं मीठ आधी स्वतः चाखून बघतात.

मला सगळ्यांत जास्त हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. जीपवाल्याने गावात सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं असणार. बाई घरी आल्या तेव्हा आम्ही दार लावूनच बसलो होतो. बाया आल्या, नारळ-साखर घेऊन आल्या, बसल्या, तब्येत विचारून गेल्या. चिखलीच्या स्टँडवर भेटली होती तीच बाई सगळ्यांत शेवटी थांबली आणि म्हणाली, "माह्या मोठ्या पोराले हेच गोळी चालू हाय वं. त्याचा डॉक्टर म्हणते मीठ सोडू नका. मले सांगाचं नाई का एकदा?" यंदा आमच्या पोरीची सोयरीक जमली. सासूबाईंनी पाहुण्यांना आधीच सगळं सांगून टाकलं. मुलाच्या वडिलांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आमच्याकडे आत्याले हाय, त्याले काय होते. ज्याला भिऊन आम्ही इतकी वर्षं बीपी बीपी करत राहिलो ते काही झालंच नाही. आधी सांगितलं असतं तरी ते बहुधा झालं नसतं.

यंदा क्रॉसिंग सुरू झालं त्या दुपारी बाई काठी टेकत शेडनेटमध्ये आल्या. बाया कामाला लागल्या होत्या. बाई माझ्या ओळीत येऊन पाटावर बसल्या आणि हात पुढे करून म्हणाल्या, "चिमटा दे. अन् मनगट धर माह्यं." मी चिमटा दिला आणि त्यांचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. त्यांच्या हातातली थरथर माझ्या कोपरापर्यंत आली. आम्ही दोघींनी श्वास रोखला. चिमट्याचं टोक कळीला लागलं आणि दांडी मोडली. त्यांनी दुसरी कळी धरली. तीही गेली. तिसऱ्या कळीकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला.

चिमटा त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. आजूबाजूच्या बाया मान खाली घालून काम करत होत्या, सगळ्यांनी पाहिलं होतं. "तू कर," बाई म्हणाल्या. "मी सांगते." मी कळी हातात घेतली. त्या वाकून, अगदी जवळून पाहत सांगायला लागल्या. हळू. पाकळी फाडू नको, बाजूले सार. आता डावीकडचा काढ. मागचा राह्यला. दांडीले धक्का नोको लावू. मी त्यांच्या हाताखाली शिकून किती हंगाम केले, डोळे मिटूनसुद्धा मला ते आता करता येईल. पण मी प्रत्येक वेळी थांबले, "आता कोणता, बाई?" म्हणून विचारलं, आणि त्या सांगतील तोच पुंकेसर काढला.